माझ्यात काही रुजत नाही

मित्रांनो, मी एक जुने हाड आहे. घाबरू नका, मी कुणाच्या अंगातून निघालेले नाही. फायबर आणि राळ साच्यात ओतून माणसाच्या मांडीच्या हाडाची हुबेहूब नक्कल करतात, तशी मी एक नक्कल. दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी कामाला होते.

खुब्याचा सांधा झिजला की डॉक्टर मांडीच्या हाडात धातूची दांडी बसवतात. काही दांड्या हाडासाठीच्या खास सिमेंटने चिकटवतात, काही नुसत्या ठोकून घट्ट करतात. ठोकलेल्या दांडीला पुढच्या काही आठवड्यांत जिवंत हाड आपणहून धरते, तिच्या खरखरीत अंगात रुजते. पण तोवर ती हलता कामा नये. केसाएवढी जरी हलत राहिली, तरी हाड तिला धरत नाही. म्हणून आधी माझ्यासारख्या नकली हाडात ती हलवून पाहतात.

आमच्याकडची नवी दांडी सुधन्वाने आखली होती आणि ती तपासणार होती देवयानी. सुधन्वाने दांडी माझ्यात ठोकली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. डोळे नाहीत म्हणून काय झाले! मग यंत्राने मला माणूस चालतो तसे दाबले, पुन्हा पुन्हा दाबले. हालचाल मोजणारी सुई जेमतेम थरथरली. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, आणि मीही जरा फुगले.

सोमवारी देवयानी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच. तिचे वडील अण्णासाहेब केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांना नुकतीच अशीच, दुसऱ्या एका कंपनीची दांडी बसवली होती. जमिनीवर बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण नोएडाच्या घरी सत्यनारायणाची पूजा होती आणि यजमान खुर्चीवर बसलेला त्यांना पटेना. ते पाटावर बसले. उठताना सगळा भार त्याच पायावर घेऊन, मांडीला पीळ देत उठले. तेव्हापासून विचारावे तेव्हा म्हणत, मी ठणठणीत आहे. तिला नेमकी त्याचीच धास्ती वाटत होती.

दाबताना पीळही देऊन पाहू, असे ती म्हणाली. सुधन्वा वैतागला.

"यार, चालण्याची टेस्ट पास झाली ना? पेशंटला सांगतातच, खाली बसू नका म्हणून."

"बाबांनाही सांगितलं होतं," देवयानी म्हणाली.

त्याने यंत्राला पीळ देण्याची जोडणी केली. यंत्र सुरू झाले. मी जीव मुठीत धरून होते. मी घट्ट धरले तर या मुलीचा जीव भांड्यात पडेल, नाहीतर काय होईल, एवढेच माझ्या मनात होते. पाटावरून माणूस उठतो तसा पीळ बसू लागला. सुई उडाली. पुढच्या पिळाला आणखी उडाली, आणि मग जागेवर परत येईनाशी झाली. माझ्या अंगावर एक बारीक चीर धावत गेली. सुधन्वानेच यंत्र बंद केले. त्याची कित्येक महिन्यांची मेहनत होती ती.

"हलली," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "काकांना फोन कर."

तिने माझ्याशेजारी उभी राहूनच फोन लावला.

"बाबा, मांडीत दुखतंय का? खरं सांगा."

या वेळी अण्णासाहेब ठणठणीत म्हणाले नाहीत.

"पाऊल टाकताना जरा ठणकतं. तुम्ही उगाच टेन्शन घ्याल म्हणून बोललो नाही."

देवयानीने लगेच डॉक्टरांची वेळ घेतली.

एक्स-रेमध्ये दिसले की त्यांची दांडी किंचित खाली सरकली आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मग वॉकर, त्या पायावर भार नाही, आणि नुसती वाट पाहणे. ते आठवडे त्या घराने कसे काढले, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. अखेर हाडाने दांडी धरली. सुधन्वा आपली दांडी नव्याने आखतो आहे. माझ्या जागी दुसरे हाड आले, आणि मी अण्णासाहेबांच्या शोकेसमध्ये. आल्यागेल्याला ते माझी चीर दाखवतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा खुबा बदलला असेल तर पूजेला त्यांच्यासाठी आधी खुर्ची मांडा. दुखत नाही म्हणाले तरी पुन्हा विचारा. माझ्यात रक्त नाही, म्हणून माझ्यात काही रुजत नाही. मला फक्त धरून ठेवायचे होते, तेही जमले नाही. तुमच्या माणसाचे हाड जिवंत आहे, ते धरेल. पण त्याला वेळ लागतो. तोवर त्यांचा हात तुम्ही धरा.