मिठाचा नोकरदार पुडा

"सतरा!" कपाटातून डोकं बाहेर काढत सून म्हणाली. "मिठाचे सतरा पुडे. घरात माणसं तीन. खायचंय, की आपल्यालाच खारवून ठेवायचंय?"

नवऱ्याने पेपरातून मान वर काढली नाही. "आईला सांग."

"तुझी आई. तू सांग."

सांगायला कुणीच उठलं नाही. काय सांगायला लागेल, ते दोघांनाही ठाऊक होतं.

सासूबाईंनी तीस वर्षं एका वसतिगृहाचं कोठार सांभाळलं होतं. जेवायला दोनशे मुली, पण एकही जिन्नस एकही दिवस संपला नाही. नियम एकच: एक पुडा फुटला की दुसरा घरात हवा, आणि आणलेल्या प्रत्येक वस्तूवर पेन्सिलीने तारीख. निवृत्तीनंतर दोनशेच्या जागी तीन तोंडं आली, एवढाच फरक. कपाट त्यांचंच. सुनेने साखरेचा डबा हलवला तरी त्यांना झोपेत कळे. आताशा मात्र त्या रोज सकाळी मीठ आणायच्या. काल आणलेलं आठवत नसे.

तोडगा नवऱ्याने काढला. जादाचे सगळे पुडे माळ्यावर गेले. सकाळी आणलेला पुडा सून संध्याकाळी गुपचूप दुकानात परत देई, दुकानदार त्यावरची तारीख खोडरबराने पुसे आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई तोच घरी आणत. दीड महिना एकच पुडा इमानेइतबारे जा-ये करत होता.

"वहिनी, याला मी हजेरीपत्रकावर घेतो आता," दुकानदार म्हणाला. "माझ्यापेक्षा वेळेवर दुकानात येतो."

मग एकदा दुकानदार तारीख पुसायला विसरला. विसरायचा मक्ता काही एकट्या सासूबाईंनीच घेतला नव्हता.

सकाळी ओट्यापाशी त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, आणि ती हातातच राहिली.

"अगं, इकडे ये. यावर कालची तारीख आहे."

"असेल."

"असेल काय? अक्षर माझंय! हा पुडा मी कालच आणला होता." कित्येक महिन्यांत दिसली नव्हती अशी धार त्यांच्या डोळ्यांत आली होती, कोठारातला चोर रंगेहाथ सापडावा तशी. "मी म्हणतेय मीठ रोज जातं कुठं! कोण नेतं गं हे परत?"

'आई, मी नेते.' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण घरदार आणि दुकानदार मिळून आपल्याला दीड महिना खेळवत होते, हे कळलं तर त्या खचतील, असं सुनेला वाटलं. म्हणून तिने त्यांना वाचवलं.

"आई, तारीख तुम्ही आत्ताच घातलीत. माझ्यासमोर. आजची म्हणून कालची पडली असेल."

"आत्ता?"

"आत्ता."

सासूबाईंनी पुड्याकडे पाहिलं, मग पेन्सिलीकडे.

"दोनशे मुलींचं केलं गं मी," त्या म्हणाल्या. "तारीख कधी चुकली नव्हती."

पेन्सिल सुनेच्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "कपाट तूच बघ आता." आणि बाहेर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या नाहीत. तिसऱ्याही नाही.

"बघ, सुटला की नाही प्रश्न!" नवऱ्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्या रविवारी जेवायला उकडलेले बटाटे होते. पहिल्याच घासाला नवऱ्याने तोंड वाकडं केलं. "अळणी! मीठच नाही यात."

सुनेने दचकून सासूबाईंकडे पाहिलं. आता बोलणी बसणार, अशी तिची खात्री होती. खरं तर तिची तीच इच्छा होती.

सासूबाई पदर सावरून, अंग चोरून, कुणाच्या तरी घरी पहिल्यांदाच जेवायला आल्यासारख्या बसल्या होत्या. त्यांनी ताटातलं सगळं पुसून संपवलं.

"छान झालेत हं," त्या सुनेला म्हणाल्या. "उगीच त्रास घेतलात तुम्ही."