माझ्या हातची कडी

अहमदपूरच्या बसस्टँडामागं मी एकतीस वर्षं सायकली नीट करून राहिलो. माणिकप्पानं चेन जोडली की पुन्हा बघायचं काम न्हाई, असं तालुक्यात लोक म्हणतात. म्हणजे म्हणत होते. ती जाड टायरची सायकल आली अन् माझी चांगलीच जिरली.

सायकल महामायाची. नर्सिंग शिकणारी पोरगी, बोलायला गोड, पण उगं ऐकून घेणारी न्हाई. तिच्या गावापासून सडकेपर्यंत काळ्या रानातली गाडीवाट हाय. तिथं साधं चाक रुततं, म्हणून तिच्या भावानं, अश्वजितनं, पहिल्या पगारातून ही सायकल घेऊन दिली. टायर बघावं तर मोटारसायकलीला लाजवील. चेन मात्र एवढीशी बारीक, गिअरची.

दसऱ्यानंतर ती चेन तुटली. मी खराब तुकडा काढला, पिन बसवली, वर पोगर, म्हणजे पिन ठोकायची लोखंडी कांडी, धरला अन् हातोडीचे चार ठोके दिले. ठोका दणकून बसला तरच काम पक्कं, हे मला माझ्या वस्तादानं शिकवलं. साध्या काळ्या सायकलींच्या हजार जाड चेना मी अशाच जोडल्यात.

चार दिवसांनी पोरगी परत आली. "अप्पा, चढाला चेन टक् करून उडते. पाय घसरतो."

मी म्हणालो, तू गिअर चुकीचा टाकतीस. दोन दिवसांनी पुन्हा आली, तर चिखलाला बोल लावला, वरून तेल सोडलं अन् तिला वाटेला लावलं.

तिसऱ्यांदा आली ती सायकल ढकलत, गुडघा फोडून घेऊन. "दोनदा वॉर्डात उशिरा पोचले, अप्पा. आठला हजेरी असते. उद्या तिसरा उशीर झाला की परीक्षेला बसू देणार न्हाईत. अन् आमच्याकडं पहिली एसटीच साडेआठला येते."

डोळ्यांत पाणी न्हवतं. राग होता, अन् तो माझ्यावर होता. मला बी राग आला. असल्या फॅशनच्या सायकली घ्यायच्याच कशाला, असं अगदी तोंडावर आलं होतं. पण गुडघ्याचं रक्त बघून गप बसलो. सायकल उलटी केली, पायडल हळूहळू मागं फिरवलं अन् एकेक कडी बघत राहिलो.

एक कडी वाकतच न्हवती. मागच्या छोट्या चक्रावरून बाकीच्या कड्या वळून जायच्या, ही आखडून दात्यावर चढायची, अन् टक्. तिच्या पिनीवर ठोक्यांचे वण होते. माझेच.

खरं सांगतो, वाटलं गुपचूप सैल करावी अन् चेनच खराब होती म्हणून सांगावं. पण पोरगी माझ्या शेजारी उकिडवी बसून तीच कडी बघत होती.

"ही तुम्ही जोडलेली ना?"

"हाव. बारीक चेनीला मी जाड चेनीचे ठोके दिले. चूक माझी हाय, पोरी. तुझ्या गिअरची न्हाई अन् चिखलाची बी न्हाई."

ती म्हणाली, "मला आठ दिवस वाटत होतं, मलाच चालवता येत न्हाई."

हे मला लई लागलं. कडीच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून मी ती आडवी वाकवत राहिलो, हातोडीला हात लावला न्हाई. कडी सैल झाली. मग पायडल तिच्याच हातात दिलं अन् कुठं काय बघायचं ते दाखवलं. तिनं कितीतरी वेळा फिरवून बघितलं. "एक बी अडकत न्हाई, अप्पा."

पण माझ्या कामावर माझाच भरवसा राहिला न्हवता. दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता, खिशात पक्कड टाकून, तिच्या वाटेवरच्या गावाबाहेरच्या चढाच्या माथ्यावर जाऊन उभा राहिलो. साडेसातला ती खालून दिसली. मी कान देऊन ऐकत होतो. टायरांचा घुर्र आवाज येत होता, टक् काही आलं न्हाई.

मला बघून ती हसली, घंटी वाजवली अन् "थांबत न्हाई अप्पा, उशीर होईल" म्हणत पुढं निघून गेली. गिऱ्हाईक न थांबता गेलं म्हणून एकतीस वर्षांत मी एवढा खूश कधी झालो न्हवतो.