निशाण लावलेली मादी

सकाळी मारलेल्या देवमाशाच्या मादीच्या पोटात हवा भरून, पाठीत निशाण रोवून आन्सगार त्वाइतने तिला तरंगत सोडलं आणि बोट लांब दक्षिणेला हाकली. अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण जॉर्जिया बेटाच्या पाण्यात सगळेच शिकारी असं करत; धूड ओढत फिरण्यापेक्षा परतताना उचललेलं बरं. पण आज आन्सगारच्या मनात वेगळंच होतं. मादीचा जोडीदार तिच्याभोवती घिरट्या घालत होता. दिवसभराची सवड दिली तर कंटाळून जाईल बिचारा, असं त्याला वाटलं.

आन्सगार बोटीचा कप्तान आणि भाला डागणाऱ्या तोफेवरचा नेमबाजही. त्याच्या बापाच्या वेळी हे पाणी देवमाशांच्या फवाऱ्यांनी धुरकटलेलं असे. या मोसमात मात्र निळा देवमासा आजच प्रथम दिसला होता, आणि त्या जोडीतली एक त्याने मारलीही होती. सकाळपासून त्याला त्याची शरम वाटत होती.

दिवसभर हिंडून काही मिळालं नाही. एवढा समुद्र, पण कोरडा ठणठणीत. दुपारी रेडिओवर किनाऱ्यावरच्या देवमाशाच्या तेलाच्या कारखान्याचा मॅनेजर कडाडला, "एकावर भागायचं नाही, आन्सगार! दुसरा आणला नाहीस तर उद्या बोट धक्क्याला बांधतो. माणसं घरी पाठव!"

बोटीवर गुपित कसलं राहतंय? सगळ्यांनी ऐकलं.

परतताना डोलकाठीवरच्या टेहळणीच्या पिंपातून आरोळी आली, "नर अजून तिथंच आहे!"

तो मादीला अंग लावून पडला होता. अरे गाढवा, दिवसभर काय करत होतास, असं आन्सगार मनातल्या मनात ओरडला.

"नशीब उघडलं, कप्तान!" मदतनीस हाल्फदान हात चोळत म्हणाला. तो आन्सगारच्याच गावचा, घरी तीन पोरं. "नवऱ्याला बायको सोडवत नाही बघा. आणि आपण रिकाम्या हातांनी गेलो तर आपल्या बायका दारात उभं करायच्या नाहीत."

सगळे हसले.

"थोडं थांबू या," आन्सगार म्हणाला.

"कशाला? निघून गेला म्हणजे?"

 आन्सगार तोफेमागे उभा राहिला आणि जाणूनबुजून नेम चुकवला. भाला पाण्यात गेला. नराने बुडी मारली. आन्सगारचा जीव भांड्यात पडला.

पण तो पुन्हा वर आला, त्याच जागी, तिच्या कुशीला.

आता हसणं थांबलं होतं. आन्सगार एवढ्या जवळून चुकत नाही, हे बोटीवर सगळ्यांना ठाऊक होतं. हाल्फदान त्याच्याकडे टक लावून बघत होता. पाठीमागे इतके डोळे असताना दुसऱ्यांदा चुकायची सोय नव्हती.

या वेळी भाला बसला.

पाणी शांत झाल्यावर हाल्फदान दुसरं निशाण घेऊन आला. "यालाही लावून ठेवू? अजून एखादा गावेल."

तेवढ्यात रेडिओ खरखरला. "शाबास! अजून दिसतायत का रे?" मॅनेजरने विचारलं.

आन्सगारने चहूकडे नजर फिरवली. "नाही. एकही नाही."

"मग उद्या बोट बांधूनच टाकू. उगाच कोळसा कशाला जाळायचा?"

निशाण हातात धरून हाल्फदान तसाच उभा राहिला.

"पण कप्तान," तो म्हणाला, "आपण दुसरा आणला ना?"