वांडाचा पाय आणि माझा ब्रेक

मी एक जुनी हिरवी मोटार आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. पेट्रोल पाण्यासारखे वाहत होते आणि आपलीच गाडी सगळ्यांत जोरात पळावी असे प्रत्येक कारखान्याला वाटत होते, त्या काळातला माझा जन्म. लांबलचक नाक, दोन दारे आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरांचे दणकट इंजिन. मागे सीट आहे, पण तिथे माणसांपेक्षा पिशव्या जास्त सुखाने बसतात. माझ्यासारखीला इकडे अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात, म्हणजे पैलवान गाडी. पैलवानाला असतो तेवढा गर्व मलाही होता.

टोलेडो शहरातल्या वांडाने मला कोरी करकरीत विकत घेतले. तेव्हा ती काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायची. विक्रेत्याने तिला विचारले, “मिस्टर कधी येणार आहेत गाडी बघायला?”

वांडा म्हणाली, “मिस्टर अजून सापडले नाहीत. गाडी सापडलीय, तर ती आधी नेते.”

पुढे मिस्टरही सापडले. वॉल्टर कुबियाक हे त्यांचे नाव. फार गरीब स्वभावाचा माणूस. तो जन्मभर शेजारच्या सीटवर बसला आणि गाडी वांडानेच चालवली. त्यांचा मुलगा जेरोम जन्मल्यावर दवाखान्यातून घरी आला तो माझ्यातूनच. थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते आमचा पत्रा खाते, म्हणून बर्फ पडायच्या आत वांडा मला गॅरेजमध्ये पांघरूण घालून ठेवायची. उन्हाळ्यात मात्र दर शुक्रवारी संध्याकाळी आइस्क्रीमच्या दुकानामागच्या पटांगणात आम्हा जुन्या गाड्यांची बैठक भरायची. बॉनेट उघडी, पुढे घडीच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांत आपापल्या गाडीची फुशारकी मारणारे मालक. त्या सगळ्यांत वांडा एकटीच बाई. तिची कोणी थट्टा केली तर ती सव्याज परत करायची.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. माझे इंजिन चालू असताना हवा आत ओढते. त्या ओढीचा थोडा वाटा एका नळीतून ब्रेकमागच्या गोल डब्यात जातो, आणि तो डबा चालवणाऱ्याच्या पायाला जोर देतो. म्हणून एवढी अवजड मी, पण वांडाने नुसता पाय टेकवला तरी थांबायचे. आमचे दोघींचे ते एक गुपितच होते म्हणा ना.

मग दिवस फिरले. वॉल्टर गेला. वांडाच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. मी गॅरेजमध्ये पडून राहिले, टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. इंजिन चालू केले की धूर निघायचा. एका वसंतात जेरोमने माझे पांघरूण काढले आणि तो म्हणाला, “आई, तुझी गाडी मी अशी करून देतो की शुक्रवारी सगळे बघत राहतील.” जेरोमचे आईवर फार प्रेम आहे. तेव्हाही होते.

त्याच्या मदतीला त्याचा मित्र डेल आला. दोघांनी साखळीने माझे इंजिन वर उचलून बाहेर काढले. सिलिंडर घासून मोठे केले, नवे पिस्टन घातले, मोठा कार्बोरेटर बसवला. राहिला कॅम. कॅम म्हणजे उंचवटे असलेला दांडा. तो फिरतो तशा इंजिनाच्या झडपा उघडतात आणि मिटतात. उंचवटे मोठे असले की झडपा जास्त वेळ उघड्या राहतात आणि पळताना इंजिन जास्त ताकद देते.

जेरोमने मधला कॅम पसंत केला होता. डेल म्हणाला, “अरे, हा काय शिवणयंत्रात बसवायचाय? मोठा घाल! उभी असताना नुसती धडधडली पाहिजे.”

मोठाच घातला. आणि खरेच, मी जागेवर उभी राहून अशी धडधडू लागले की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरल्या. रोलरवर चढवून माझी ताकद मोजली, ती पहिल्यापेक्षा दीडपट भरली. डेलने टोपी हवेत उडवली. मीही फुगले, खोटे कशाला बोलू?

पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जास्त वेळ उघड्या राहणाऱ्या झडपांमुळे मी हळू चालताना माझी ओढच कमी झाली. ब्रेकमागचा डबा अर्धपोटी राहू लागला. जेरोमच्या हे ध्यानात आले नाही. त्याचा पाय खांबासारखा, आणि तो मला नेहमी वेगातच चालवायचा. वेगात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की डबा भरतो. उपासमार होते ती हळू सरकताना.

शुक्रवारी वांडा मला घेऊन पटांगणात शिरली. लोक टाळ्या वाजवत होते. मी मुंगीच्या पावलाने आपल्या जागेकडे सरकत होते. समोर आमच्या बैठकीतला म्हातारा हर्ब घडीच्या खुर्चीत आइस्क्रीम खात बसला होता. वांडाने नेहमीसारखा पाय टेकवला. मी थांबले नाही. तिने दोन्ही पायांनी दाबला तेव्हा कुठे थांबले. हर्ब वेळेवर उठला म्हणून वाचला, पण त्याची खुर्ची माझ्या बंपरखाली चिरडली.

जेरोम पांढराफटक पडून धावत आला. “आई, ब्रेक का नाही दाबलास?”

“दाबला रे! दगडासारखा झाला होता.”

“ब्रेकला काही झालेलं नाही. मी रोज चालवतो. तुझा गुडघा गेलाय, आई. आण ती चावी.”

तो रागावला नव्हता, घाबरला होता. वांडाने चावी दिली. पन्नासहून जास्त वर्षे ज्या हातात होती त्या हातातून ती गेली, आणि घरी परतताना वांडा पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसली. वॉल्टरच्या जागेवर. वाटेत ती एवढेच म्हणाली, “तुझंच खरं असेल बाबा.” मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते आणि बोलायला तोंड नव्हते. माझी चूक तिच्या म्हातारपणाच्या नावावर लिहिली गेली, याचे मला फार वाईट वाटले.

नंतर कितीतरी दिवस ती गॅरेजकडे फिरकली नाही. मग एका रविवारी चर्चहून आल्या आल्या, डोक्यावरची टोपीही न काढता, ती आत आली. जेरोम मला पॉलिश करत होता.

“चर्चच्या रिकाम्या पटांगणात तुझ्या बायकोची गाडी चालवून आले,” ती म्हणाली. “दहा वेळा थांबवली. दहाही वेळा जागच्या जागी थांबली. गुडघा तोच होता, हं.”

“आई, पुन्हा तेच नको.”

“बस माझ्या जागेवर. इंजिन बंद राहू दे आणि ब्रेक चार-पाच वेळा दाब. आता पाय तसाच ठेव आणि चालू कर.”

मी धडधडत चालू झाले.

“गेला का ब्रेक पायाखाली?”

“नाही,” जेरोम म्हणाला.

“इंजिन सुरू झालं की तो आपोआप थोडा खाली जायचा. जन्मभर. मला वाटलं, नवं इंजिन आहे, याची रीत वेगळी असेल.”

जेरोमने इंजिन बंद करून पुन्हा एकदा तसेच करून पाहिले. मग त्याने डेलला बोलावले. डेलने ओढ मोजायचे घड्याळ माझ्या नळीला जोडले. काटा खालीच लटपटत राहिला. डेलने टोपी काढली, डोके खाजवले आणि म्हणाला, “मिसेस कुबियाक, ब्रेकसाठी विजेवरचा छोटा पंप बसवू या. म्हणजे मोठा कॅम राहील आणि धडधडीचा आवाज जाणार नाही.”

“पळायला एक आणि थांबायला दुसरं, असली गाडी मला नको,” वांडा म्हणाली. “नाव मोठं, लक्षण खोटं!”

“कॅम काढतो, आई,” जेरोम म्हणाला. “मी तुझ्या गुडघ्यावर आळ घेतला. चुकलं माझं.”

“ते गुडघ्याला सांग. त्याला लागलंय.”

जेरोमने मोठा कॅम काढला आणि मधला घातला. झडपा नव्याने जुळवल्या, कार्बोरेटरचे स्क्रू थोडेथोडे फिरवले, ठिणगीची वेळ नखभर पुढेमागे करून पाहिली. घड्याळाचा काटा हळूहळू वर चढला आणि स्थिर उभा राहिला. माझी गर्जना गेली. थोडी चुटपुट लागली, पण बऱ्याच दिवसांनी अंग हलके वाटले. जेरोमने आधी स्वतः ब्रेक दाबून पाहिला आणि मग चावी आईच्या हातावर ठेवली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना नवे करा, जरूर करा. ताकद द्या, रंग द्या. पण आम्हाला कोण चालवणार आहे, त्याचा पाय आधी बघा. आणि घरातले म्हातारे माणूस कुठे अडखळले, तर त्याच्या हातातली चावी काढून घेण्याआधी एकदा त्याच्या जागेवर बसून बघा.

पुढच्या शुक्रवारी वांडाने मला पटांगणात आणले. या खेपेला टाळ्या नव्हत्या. हर्ब नवी खुर्ची घेऊन बसला होता. आम्हाला पाहताच तो उठला आणि खुर्ची उचलून बाजूला झाला. वांडाने पाय टेकवला. ब्रेक लोण्यासारखा खाली गेला आणि मी जागच्या जागी थांबले. हर्बने माझ्याकडे पाहिले, मग वांडाकडे पाहिले. त्याने खुर्ची परत आणली, माझ्या बंपरपुढे अगदी हातभर अंतरावर उघडली आणि माझ्याकडे पाठ करून तो आइस्क्रीम खात बसला.