तीस दिवसांचा माणूस

"काका, बावीस फूट पांढरं कापड आहे का?" रेन्दीने दारातूनच विचारलं, तेव्हा मी मागूर माशाच्या डोळ्यात बुबुळ भरत होतो. रस्त्याकडेला तळलेले मासे विकणाऱ्यांच्या गाड्यांवर भडक रंगांचे पडदे टांगलेले असतात, त्यांवर मासा, कोंबडा, बदक आणि खाली मालकाचं नाव. ते रंगवणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. डोळा चुकला की मासा शिळा दिसतो आणि गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं. म्हणून मी रेन्दीला हातानेच थांब म्हटलं.

रेन्दी आमच्या 'पुत्र ब्रंतास' फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांचा म्होरक्या. मॅचच्या दिवशी तो मैदानाकडे पाठ करून कुंपणावर चढतो आणि चार हजार लोकांकडून गाणी म्हणवून घेतो. मॅच त्याला दिसतच नाही. त्याचा उत्साह टिकतो तो त्यामुळेच असावा.

"आहे कापड. लिहायचंय काय?"

"मुजिओनो आऊट. लाल अक्षरांत, ठसठशीत. शनिवारी पाहिजे."

मी ब्रश खाली ठेवला.

मुजिओनो माझ्याच गल्लीत, माझ्यापासून चौथ्या दारात राहतो. आम्ही एका वर्गात होतो. क्लबच्या लहान मुलांना तो अठरा वर्षं शिकवतोय. मोठ्या संघाच्या कोचला हाकललं, की नवा सापडेपर्यंत क्लब याला उभा करतो. वरचं प्रमाणपत्र त्याच्याकडे नाही, त्यामुळे लीगच्या नियमाने त्याला तीस दिवसांच्या वर ठेवता येत नाही. पहिल्यांदा तो सतरा दिवस टिकला, मग सव्वीस, मग नऊ. ही चौथी खेप. बारावा दिवस होता, तीन मॅच झाल्या होत्या आणि तिन्ही आम्ही हरलो होतो. दुसऱ्या विभागाच्या यादीत आम्ही तळाला होतो आणि पाच मॅच उरल्या होत्या.

आता शेजारी आहे म्हणून खोटं बोलणार नाही. कोच म्हणून तो मला कधीच पसंत नव्हता. आपण पुढच्या आठवड्यात इथे आहोत की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो माणूस संघ काय बांधणार? मुजिओनो कुणाला दुखवत नाही. म्हाताऱ्या कप्तानाला बाकावर बसवत नाही, कारण नवा कोच आला की त्याला कप्तान तयार मिळायला हवा. अकरापैकी नऊ जणांना गोलाजवळ उभं करतो, कारण चार शून्यापेक्षा एक शून्य हरणं बरं दिसतं. आधीच्या कोचचा ट्रॅकसूट घालून बसतो. मागच्या वेळी रोबेर्तो म्हणून ब्राझीलचा होता, तर छातीवर त्याची आद्याक्षरं घेऊन हा नऊ दिवस बाकावर. दोरे उसवायला किती वेळ लागतो? कुंपणापाशी उभा राहून मीही त्याला शिव्या दिल्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तोंडाने त्याच्याबरोबर कॉफी प्यायलोय.

आमच्याकडे कोच आला की त्याच्या स्वागताचं कापड मी रंगवतो आणि हाकलायची वेळ आली की 'आऊट'चंही मीच. सात जणांचं झालं. रोबेर्तोच्या नावाला बावीस फूट लागलं होतं. मुजिओनोच्या नावाने मात्र कुणी कधी काही मागितलं नव्हतं.

"अरे, सोड त्याला," मी रेन्दीला म्हटलं. "तीस दिवसांचा माणूस तो. बारा झालेच. त्याच्यावर कापड कशाला वाया घालवता?"

रेन्दी माझ्याकडे बघत राहिला आणि मग खो खो हसला. "हे भारी आहे काका. कापड वाया. बरोबर आहे तुमचं. अध्यक्षाच्या नावाचं करा, तोच खरा चोर." आणि तो मोबाईलवर काहीतरी टाइप करत गेला.

मी पुन्हा माशाकडे वळलो. मनात जरा गोड वाटत होतं. मित्राची अब्रू वाचवली, आणि ती त्याला न कळता वाचवली, याचा मला अभिमानच वाटला.

गुरुवारी सकाळी नमाज आटोपून मी दारापुढच्या बाकड्यावर बसलो होतो. बायको, रुमिनाह, आत सोयाबीनचं तेंपे तळत होती. मुजिओनो आला. लुंगी, गळ्यात शिट्टी. शिट्टी तो झोपतानाही काढत नाही, असं त्याची बायको सांगते. तो बसला. रुमिनाहने दोन पेले कॉफी आणून ठेवली. गाळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

"कास्दी," तो म्हणाला, "कापड वाया जातं म्हणालास म्हणे माझ्यावर."

मी पेल्यावर फुंकर मारत राहिलो.

"मोबाईलवर फिरतंय. काल ड्रेसिंग रूममध्ये मी फळ्यावर पोरांना जागा दाखवत होतो. गोलकीपरने हात वर केला. मला वाटलं, काहीतरी विचारतोय. म्हणाला, कोच, कापड मिळालं का? सगळे हसले. कप्तानसुद्धा. मीही हसलो. काय करणार."

"अरे, मी तुला वाचवत होतो," मी म्हटलं. "ते पोरगं तुझ्या नावाने आऊट लिहायला आलं होतं. चार हजार माणसांसमोर तुझं नाव लाल रंगात टांगू देऊ?"

"माहितीये मला."

"मग?"

त्याने लवंगी सिगारेट पेटवली. "हे बघ. आम्ही हरलो, की लोक म्हणतात आधीच्याने वाट लावून ठेवली होती. जिंकलो तर म्हणतात, आधीच्याने घेतलेली मेहनत आत्ता दिसली. चार खेपा झाल्या. जिंकलेलं माझं नाही, हरलेलंही माझं नाही. मंगळवारी रेन्दी तुझ्याकडे आला, तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी वाटलं, की ही हार मुजिओनोची. माझ्यावर चिडावं इतपत कुणी मला धरलं. आणि तू त्याला सांगितलंस, की त्याच्यावर कापडसुद्धा घालवू नका."

"मुजी, तू येडा आहेस. आऊट कुणाला पाहिजे असतं?"

"तुला नाही कळणार. तुझं नाव तुझ्या प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात असतं."

कॉफी तशीच ठेवून तो उठला. आतून रुमिनाहने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "दुसऱ्याला लहान करायचं आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा. हे तुम्हाला छान जमतं."

मला राग आला, पण तिच्यावर चिडण्यासारखं काही सापडेना. कारण खरं मला माहीत होतं. मी मुजिओनोला वाचवत होतो, हे मी नंतर जुळवलं. रेन्दीने नाव घेतलं तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं, ते मला खरंच वाटत होतं. एवढं कापड मिळावं इतका मोठा तो माणूस मला वाटतच नव्हता. अठरा वर्षांत कधीच वाटला नव्हता.

त्याच दुपारी मी बावीस फूट कापड फाडलं. एका मासेवाल्याचा पडदा अर्धा राहिला होता, तो बाजूला सारला. पेन्सिलने रेघा मारल्या, अक्षरं मोजून बसवली. रोबेर्तोच्या वेळी अक्षरं शेवटी दाटीवाटीने बसली होती, तसं होऊ दिलं नाही. लाल रंगाचे दोन हात दिले आणि भोवती काळी कड ओढली. मुजिओनो आऊट. शुक्रवारी ते वाळलं. कोपऱ्यात माझं नाव घातलं नाही.

शनिवारी गुंडाळी खांद्यावर टाकून मी मैदानावर गेलो. मॅच साडेतीनची होती. दारातच रेन्दी भेटला. त्याच्या पोरांनी एक चकचकीत छापील फलक धरला होता. त्यावर दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा फोटो आणि खाली 'स्वागत, द्रागान'.

"काका, ऐकलं नाही? नवा कोच दुपारीच जाहीर झाला. मॉन्टेनेग्रोचा आहे. वर खास कक्षात बसलाय. वेळ नव्हता म्हणून छापूनच घेतलं, रागावू नका. अध्यक्षाचं कापडही आता राहू द्या." मग त्याचं लक्ष माझ्या खांद्याकडे गेलं. "हे काय आणलंत?"

मी उलगडून दाखवलं.

"आता कशाला हे? आजची मॅच झाली की तो जातोच आहे."

"आज आहे ना?" मी म्हटलं.

रेन्दीने खांदे उडवले. मी एकट्यानेच कापड कुंपणाला बांधलं. बावीस फूट कापड एकट्याने बांधणं सोपं नसतं. एक टोक बांधून दुसऱ्याकडे जावं तर मधला भाग चिखलात लोळतो. पायऱ्यांवरचे लोक हसत होते. कुणीतरी ओरडलं, "म्हातारबुवा, जुना पेपर वाचलात का?"

संघ बाहेर आला, त्यांच्यामागून मुजिओनो. अंगावर तोच दुसऱ्याचा ट्रॅकसूट. बाकाकडे जाता जाता तो कापडापाशी थांबला आणि डावीकडून उजवीकडे त्याने ते पूर्ण वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. पण थांबला होता तो बराच वेळ, हे मी शपथेवर सांगेन.

मग खास कक्षाकडून क्लबचा व्यवस्थापक धावत आला. मुजिओनोच्या कानाला लागून काहीतरी बोलला, वर बोट दाखवलं, कापडाकडे बोट दाखवलं. मुजिओनोने मान डोलावली आणि चालत कुंपणापाशी आला. आमच्या दोघांच्या मध्ये जाळी होती.

"काढायला सांगितलंय," तो म्हणाला. "नव्या माणसाला वाटेल, इथले लोक कोचला असंच वागवतात."

"वागवतातच की."

"ते त्याला कळेलच."

"पोलीस आहेत ना इथे? त्यांना काढू दे. तू का?"

"मला सांगितलंय ना." तो एकेक गाठ सोडवू लागला. मी घट्ट बांधल्या होत्या. दोन गाठी त्याला दातांनी सोडवाव्या लागल्या. रेफरी मध्यावर शिट्टी घेऊन उभा होता, दोन्ही संघ उभे होते, आणि आमचा कोच स्वतःचं नाव कुंपणावरून उतरवत होता. लोक त्याच्याकडे बघतही नव्हते. सगळे वर, त्या दाढीवाल्याला मोबाईलमध्ये घेत होते.

"अक्षरं चांगली आलीत," तो म्हणाला. "दाटी झाली नाही." मग कापड गोळा करून त्याने जाळीवरून माझ्याकडे टाकलं आणि बाकाकडे गेला.

मॅच कशी झाली ते सांगण्यात अर्थ नाही. विसाव्या मिनिटाला आमच्यावर पहिला गोल बसला. मुजिओनोने या वेळी म्हाताऱ्या कप्तानाला बाकावर बसवलं होतं आणि तीन पोरं पुढे काढली होती, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं. पोरांपैकी दोघं त्याच्याच हाताखाली लहानाची मोठी झालेली. ती जीव तोडून धावत होती, पण मागे सगळं उघडं पडलं होतं. दुसरा गोल, मग मध्यंतरानंतर तिसरा. आम्ही तिसऱ्या विभागाच्या तोंडाशी उभे होतो.

अशा वेळी आमच्या मैदानात काय होतं, ते मला पाठ आहे. बाटल्या येतात, चपला येतात, कोचच्या आईचा उद्धार होतो. त्या दिवशी काही झालं नाही. तीन शून्य झालं आणि रेन्दी कुंपणावर उलटा उभा राहून द्रागानच्या नावाचं नवं गाणं शिकवत होता. लोक टाळ्या वाजवत होते. संघ हरत होता आणि लोक खूश होते. खाली पत्र्याच्या छपराखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत मुजिओनो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मनाने संघ उतरवला होता आणि सपाटून मार खाल्ला होता. ती हार पूर्ण त्याची होती, आणि तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

मी उठलो, जाळीला दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडलो, "मुजिओनो आऊट."

एकट्या माणसाचा आवाज चार हजारांत कितीसा पोचणार? पण गाण्याच्या दोन ओळींमध्ये पोरं श्वास घ्यायला थांबत, तेवढ्यात मी पुन्हा ओरडे. "मुजिओनो आऊट. कप्तानाला का बसवलंस? मागे कोण बघणार होतं, तुझा बाप? मुजिओनो आऊट." डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलं नाही. शेजारचा माणूस दोन हात लांब सरकला. रेन्दीने वरून खाली वाकून माझा सदरा ओढला. "बसा ना काका. गेला ना तो. कशाला उगीच घसा फोडताय?"

मी त्याचा हात झटकला आणि ओरडत राहिलो.

मुजिओनोने मान वळवली. कुठून आवाज येतोय ते त्याने शोधलं नाही, त्याला माहीत होतं. तो खुर्चीतून उठला, ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि पुढे होऊन रेषेपाशी उभा राहिला. पाठ माझ्याकडे, हात मागे बांधलेले. माझी एकेक शिवी त्याच्या पाठीवर पडत होती आणि रेफरीची शेवटची शिट्टी होईपर्यंत तो तिथून हलला नाही.