पत्ता उलटण्याआधी

आमच्या कॅसिनोत नवीन माणूस आला की आधी दारात थबकतो आणि मग त्याचा चेहरा पडतो. हा पडलेला चेहरा मी लांबूनच ओळखते. जुने सिनेमे बघून आलेला असतो बिचारा. त्याला झुंबरं हवी असतात, गोल जिना हवा असतो, जिन्यावरून चमचमत्या कपड्यांतली बाई उतरायला हवी असते आणि कोपऱ्यात सिगार ओढणारा टकलू खलनायक, त्याच्या मागे दोन पहिलवान. आमच्याकडे आहे तो मळखाऊ तपकिरी गालिचा, ट्यूबलाइट, पाण्याचा कूलर, भिंतीलगत बटण दाबून नशीब अजमावायची मशिनं आणि हिरव्या कापडाच्या टेबलांमागे इस्त्रीचे कपडे घालून उभे असलेले, पत्ते वाटणारे सहा डीलर. डीलरांच्या कपड्यांना खिसे नसतात. टेबल सोडताना दोन्ही हात उलटसुलट करून छतातल्या कॅमेऱ्याला दाखवावे लागतात, की बाबा बघ, काही उचललेलं नाही. ही सवय इतकी मुरते की घरी ओट्यापासून बाजूला होतानाही मी छताला हात दाखवते, आणि आई म्हणते, "दिसले हो हात. आता भांडी घास."

मी या टेबलांची प्रमुख. नवे डीलर मीच तयार करते. आणि ज्या माणसामुळे गिऱ्हाइकांचे चेहरे पडतात, तो माणूस माझ्याच घरात राहतो.

बाबा सिनेमात एक्स्ट्रा होते. कॅसिनोचा प्रसंग असला की त्यांना बोलावणं ठरलेलं, कारण त्यांना पत्त्यांचा झकास पंखा करता यायचा. हिरोसमोर गळ्याला काळा बो लावून, एक भुवई वर करून पत्ते टाकणारा डीलर म्हणजे आमचे बाबा. एकाही सिनेमात त्यांना वाक्य नाही. पण माझ्याकडे शिकायला येणारी प्रत्येक बॅच पहिल्या दिवशी पत्ता दोन बोटांत धरून भिरकावते आणि भुवई वर करते. माझ्याच बापाची नक्कल माझ्याच समोर, आणि ती मोडून काढायचा मी पगार घेते.

बाबा माझ्या कामावर एकदाच डोकावले होते. "हा कॅसिनो आहे की वीजबिल भरायची खिडकी?" एवढं म्हणून घरी गेले. तेव्हापासून विषय निघाला की आमची जुंपतेच. मी म्हणते, तुमच्या सेटवर दार होतं, पण दारामागे भिंतसुद्धा नव्हती. ते म्हणतात, तुमच्याकडे भिंती खंडीभर आहेत, पण आत यावंसं वाटेल असं काहीच नाही. आई टीव्हीचा आवाज वाढवते.

एके सकाळी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण हसताना त्यांना अजून कोणी पाहिलेलं नाही. म्हणाले, "टेबलं ओस पडलीयत. लोक आत येतात, इकडेतिकडे बघतात आणि मशिनवर जाऊन बसतात. महिनाअखेरीस टेबलं काढून तिथेही मशिन लावतोय. मशिनला रजा नको, पगार नको, तिची पाठ दुखत नाही."

"आणि माझी सहा माणसं?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणजे उत्तर कळलं.

बाहेर आले तर सगळे वाट बघत उभे. त्यांतली सर्वांत उंच, जिला आम्ही लंबू म्हणतो, ती पूर्वी एका सिनेमागृहाच्या तिकीटखिडकीत बसायची. ते बंद पडलं म्हणून इथे आली. ती एवढंच म्हणाली, "ताई, एक खिडकी बंद होताना बघितलीय मी. आता परत नको." माझं डोकंच फिरलं. तशीच मागे फिरून केबिनमध्ये घुसले. "एक संध्याकाळ द्या. जुन्या सिनेमांची संध्याकाळ. लोकांना जो कॅसिनो हवाय, तो दाखवू."

"टेबलं भरली तर बोलू," साहेब म्हणाले. "नाही भरली तर मला पुन्हा विचारायचं नाही."

आता बाबांना विचारणं आलं, आणि ते माझ्या अगदी जिवावर आलं होतं. त्यांनीही सोडलं नाही. चहा निवेपर्यंत मला ताटकळत ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे वीजबिलाच्या खिडकीला माझी गरज लागली तर." पण दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तयार होऊन, जुना बो लावून दारात उभे होते.

तालीम सुरू झाली आणि आमची वाजलीच. त्यांनी पत्त्यांचा पंखा केला. मी म्हटलं, चालत नाही, पत्ता कापडावरून उचलायचा नाही. त्यांनी चिप, म्हणजे पैशांऐवजी लावायची प्लास्टिकची चकती, बोटांवरून फिरवली. मी म्हटलं, तेही चालत नाही, हात उघडा दिसला पाहिजे. त्यांनी विचारलं, कोणाला दिसला पाहिजे? मी छताकडे बोट दाखवलं.

"कॅमेरा वर? मग चेहरा कसा दिसणार?"

"चेहरा कोणाला हवाय, बाबा? चोरी हाताने होते."

ते स्टुलावर जाऊन बसले. खांदे पाडून बसलेला तो म्हातारा बघून मला वाईट वाटलं, पण नियम काही मी केलेले नाहीत. मी डीलरांना म्हटलं, चला, आपला नेहमीचा सराव करू. अर्धे डीलर झाले, अर्धे गिऱ्हाईक. बाबा बघत राहिले. बऱ्याच वेळाने उठून लंबूच्या टेबलापाशी गेले.

"तू समोरच्याकडे एकदाही बघितलं नाहीस."

"आम्हाला चिप्सकडे बघायला शिकवलंय, काका."

"ते बघ की. पण शेवटचा पत्ता उलटण्याआधी एक श्वास थांब, आणि वर बघ. आमच्या दिग्दर्शकाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, प्रेक्षकांतल्या निम्म्यांना पत्ते कळत नाहीत. ते तुझ्या तोंडाकडे बघून ठरवतात की घाबरायचं की नाही. झुंबरं पुठ्ठ्याची होती, पोरी. दारूच्या बाटलीत चहा होता. ते थांबणं तेवढं खरं होतं."

माझ्या तोंडाशी नेहमीसारखं आलं होतं, की चालत नाही. पण सगळे नियम मनातल्या मनात चाळले, तर थांबू नये असं कुठेच सापडलं नाही. लंबूने पुन्हा पत्ते वाटले. शेवटच्या पत्त्यावर बोटं ठेवली, थांबली आणि समोरच्याकडे असं बघितलं की जणू तो पत्ता तिच्या स्वतःच्याच नशिबाचा आहे. वाटायच्या पेटीत पत्ते मीच भरले होते. कुठला निघणार हे मला ठाऊक होतं. तरी मी पुढे वाकले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवई वर केली.

ठरलेल्या संध्याकाळी आम्ही ट्यूबलाइट बंद करून प्रत्येक टेबलावर एकेक दिवा सोडला. दारापाशी बाबांचं टेबल ठेवलं, नवख्यांसाठी, फुकटच्या चिप्सचं. तिथे कोणाचा पैसा लागणार नव्हता. लोक आले, थबकले, पण आज चेहरे पडले नाहीत. आधी बाबांचा पत्त्यांचा पंखा बघायला घोळका झाला, मग तो खेळायला आत सरकला. लंबूच्या टेबलाभोवती माणसं उभी राहून बघायला लागली. ती थांबली की सगळे थांबायचे. पत्ता उलटला की एकदम हसायचे, हळहळायचे, अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारायचे. मशिनसमोर दोघंतिघं होते, तेही मान वळवून इकडे बघत होते.

मॅनेजरसाहेब हात मागे बांधून फेऱ्या मारत होते. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. माझा जीव टांगणीला लागलेला. मग ते वळले आणि थेट बाबांच्या टेबलाशी जाऊन बसले. तिथे खेळायला बसणारे ते पहिलेच. मीही मागे जाऊन उभी राहिले.

खेळ एकवीसचा. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेलात की हरलात. साहेबांकडे सोळा झाले होते. त्यांनी आणखी एक पत्ता मागितला. बाबांनी पत्त्यावर बोटं ठेवली, थांबले आणि साहेबांकडे बघितलं. आजूबाजूची कुजबुज थांबली. बाबांनी पत्ता उलटला. नव्वा.

बाबांनी झोकात चिप्सचे दोन ढीग साहेबांकडे सरकवले.

"काका," साहेब म्हणाले, "मी हरलो."

बाबांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे गोंधळले. त्यांनी ढिगांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "हरल्यावर काय करायचं असतं गं?"

तेव्हा मला कळलं. सिनेमात हिरो जिंकायचाच. जन्मभर बाबांनी पत्ते वाटले आणि चिप्स समोरच्याकडे सरकवल्या. त्यांच्या टेबलावर कधी कोणी हरलंच नव्हतं. कोणाकडून काही काढून घ्यायची वेळ या माणसावर आलीच नव्हती. ज्यांची मी इतकी वर्षं टर उडवत आले, त्या बाबांचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

पण खेळ म्हणजे खेळ. मी पुढे झाले, तळहात आडवा ठेवून सगळ्या चिप्स सफाईने माझ्याकडे ओढायला लागले. बाबांनी माझं मनगट धरलं.

"आधी त्यांच्याकडे बघ."

मी वर बघितलं. इतक्या वर्षांत मी हरणाऱ्यांचे हात पाहिले होते, हजारोंचे. चेहरा नाही. साहेबांचे कान लाल झाले होते. फुकटच्या प्लास्टिकच्या चकत्या गेल्या म्हणून हा माणूस खरोखर हिरमुसला होता. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं, तसे ते ओशाळले आणि मग चक्क हसले. मलाही हसू आलं. मी चिप्स ओढून घेतल्या, सावकाश.

साहेबांनी मागे वळून भरलेल्या टेबलांकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि बाह्या सारल्या.

"मशिनवाल्यांना मी सकाळी नको म्हणून कळवतो," ते म्हणाले. "काका, वाटा."