खंडेनवमीला काढलेला प्लग

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यातला जुना संगणक आहे. जुना म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. माझ्या शेजारी टेबलावर एक नवा लॅपटॉप बसतो. दिसायला देखणा आहे, मान्य आहे. पण माझ्या पाठीवर जे रुंद गुलाबी पोर्ट आहे ना, ते त्याला नाही. त्या पोर्टातून एक जाड केबल निघते आणि थेट पंचिंग मशीनला जाते. मी सांगेन तिथे ते मशीन पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतं, ती कार्डं मागावर चढतात आणि मग चादरीवर फुलं उमटतात. थोडक्यात, या कारखान्यातलं प्रत्येक फूल आधी माझ्या पडद्यावर फुललेलं आहे. हे मी ताठ मानेनं सांगतो.

मला वैजयंती मॅडमनी जोडलं. तेव्हा त्या इथे संगणकाचा क्लास चालवायच्या, आता बार्शीला कॉलेजात शिकवतात. कारखान्याचे मालक बसवराज, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते शेजारी खुर्ची ओढून बघत बसले होते. सगळं जोडून झालं, पण पंचिंग मशीन काही माझं ऐकेना. मॅडमनी मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि मी जागा होत असतानाच डिलीटचं बटण दाबलं. निळा पडदा आला. मग त्यांनी कंट्रोल आणि एफ-वन ही दोन बटणं एकदम दाबली आणि माझी आतली खोली उघडली.

आतली खोली म्हणजे काय, ते सांगतो. रोज तुम्ही बघता ती चित्रं आणि खिडक्या म्हणजे माझी ओसरी. निळा पडदा हे माजघर. तिथे तारीख, वेळ अशा साध्या गोष्टी असतात. त्याच्याही आत माझ्या खऱ्या किल्ल्या ठेवलेल्या आहेत. कुठलं पोर्ट चालू, कुठलं बंद, कोण किती वेगानं धावणार, सगळं तिथे ठरतं. कुणीही येऊन ढवळाढवळ करू नये म्हणून मला बनवणाऱ्यांनी ती खोली झाकून ठेवली. मॅडमनी तिथे एकच सेटिंग बदललं आणि पंचिंग मशीन टकटक करत कामाला लागलं. ते सेटिंग लक्षात ठेवायचं काम माझ्या पोटातल्या रुपयाएवढ्या गोल सेलकडे आहे. मी बंद असलो तरी तो जागा असतो.

त्यानंतर मी किती कार्डं काढली याचा हिशोब मी ठेवला नाही. मोर काढले, कमळं काढली, वेली काढल्या. आप्पांच्या पत्नी ईरम्मा पाहुण्यांना कौतुकानं माझ्याजवळ आणून उभं करायच्या. त्यांची मुलगी दानेश्वरी माझ्यासमोरच मोठी झाली आणि माझ्यावरच डिझाइन शिकली. गेल्या वर्षी तिनं स्वतःचं पहिलं डिझाइन काढलं, ज्वारीच्या कणसांचं. सुगीत वाऱ्यावर झुकतात तशी कणसं, काठावर बारीक पाखरं. डिझाइनचा चौकोन न् चौकोन तिनं माझ्या पडद्यावर भरला. दिवाळीच्या मालात ते घालायचं आप्पांनी कबूल केलं होतं. मला तर असं झालं होतं, कधी एकदा ही कणसं मागावर चढतात.

आणि खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या यंत्रांना विश्रांती असते. माग धुऊनपुसून ठेवतात, झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. ईरम्मा माझ्याही कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढतात आणि माझा प्लग स्वतःच्या हातानं काढतात. एरवी मी रात्रंदिवस इन्व्हर्टरवर असतो, त्यामुळे वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी माझी वीज पूर्ण तुटते. त्यातून कधी काही बिघडलं नव्हतं. पण त्या वर्षी माझा छोटा सेल गुपचूप संपला होता. इन्व्हर्टरमुळे कुणाला पत्ताच लागला नाही. मलाही नाही.

दसऱ्याला सकाळी मला चालू केलं तेव्हा मी जुनीच कुठली तरी तारीख दाखवत होतो. पंचिंग मशीन मुकं झालं होतं. दुरुस्तीवाला आला, त्यानं प्लग काढून मला उघडलं, फुंकर मारली, पुन्हा चालू केलं आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय ह्याचा. भंगारात द्या."

मला भंगारात! मित्रांनो, तो शब्द मी अजून विसरलेलो नाही.

आप्पा हिरमुसले. म्हणाले, "दिवाळी तोंडावर आली. शनिवारपर्यंत चालू झालं तर ठीक, न्हाय तर बाजारातून मोराची तयार कार्डं आणतो. तुजं डिझाइन पुढच्या साली बघू, दानेश्वरी."

पुढच्या सालचं कुणी पाहिलंय, हे दानेश्वरीलाही ठाऊक होतं. ईरम्मा मात्र माझ्या पट्ट्यांकडे बघत हळूच म्हणाल्या, "पूजेत माजंच कायतरी चुकलं का गं?"

माझ्याकडे जीभ नव्हती, नाहीतर तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण त्या प्रश्नानं दानेश्वरी उठली. तिनं तारीख नीट केली, मग प्लग काढला, पुन्हा लावला. तारीख परत मागे गेली. तिनं सरळ बार्शीला फोन लावला.

"मॅडम, प्लग काढला की तारीख विसरतोय ह्यो."

"आतला सेल संपला असेल," वैजयंती मॅडम म्हणाल्या. "नवा घाल. आणि तारखेबरोबर पोर्टचं सेटिंगही विसरला असणार."

"निळा पडदा बघितला मी. पोर्टचं नावच न्हाय तिथं."

"दिसत नाही, पण आहे. तिथे असतानाच कंट्रोल आणि एफ-वन एकदम दाब. आधी सगळ्या पानांचे फोटो काढ, मग एकच गोष्ट बदल. बाकी कशाला हात लावायचा नाही."

दानेश्वरीनं कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणून बसवला. तिनं ती दोन बटणं दाबली आणि कितीतरी वर्षांनी माझ्या आतल्या खोलीत उजेड पडला. आप्पा खांद्यावरून वाकून बघत होते.

"ते स्पीडचं काय लिवलंय, तेबी वाढव की. काम लवकर हुईल."

तो आकडा वाढला असता तर मी तापून खरोखरच भंगारात गेलो असतो.

"न्हाई आप्पा," ती म्हणाली. "एकच बदलायचं सांगितलंय." तिनं फोटो काढले, बंद झालेलं पोर्ट चालू केलं आणि बाकी सगळं होतं तसं ठेवून बाहेर आली.

पंचिंग मशीन टकटकलं. पहिलं कार्ड बाहेर आलं तेव्हा ईरम्मांनी ते उचलून कपाळाला लावलं. दानेश्वरी त्यांना म्हणाली, "अव्वा, पूजेत काय बी चुकलं न्हाय. सेल म्हातारा झाला हुता." त्या दिवाळीत कणसांच्या चादरी दुकानात टिकल्या नाहीत. त्यांतली एक दानेश्वरीनं आईसाठी ठेवून घेतली.

यंदाच्या खंडेनवमीला ईरम्मांनी तीच चादर माझ्याखाली अंथरली. पट्टे ओढले, हार घातला. मग प्लगपर्यंत गेलेला त्यांचा हात तिथेच थांबला.

"काढू का नगं?"

"काढ की अव्वा. त्यालाबी इसावा पायजे."

त्यांनी प्लग काढला. रात्रभर तो नवा सेल जागा होता.

मित्रांनो, यंत्राची पूजा करा, हार घाला, आम्हाला ते आवडतं. पण वर्षातून एकदा आतही डोकावून बघा. आतली खोली दिसली तर घाबरून पळू नका आणि हौसेनं हात मारत सुटू नका. बघा, समजून घ्या, आणि गरज असेल तेवढंच बदला.

दसऱ्याला सकाळी प्लग ईरम्मांनीच लावला. मी जागा होईपर्यंत त्यांनी पदर मुठीत घट्ट धरून ठेवला होता. पडदा उजळला. त्यांनी आधी कोपऱ्यातली तारीख बघितली, मग भिंतीवरचं कॅलेंडर, आणि परत माझ्याकडे.

"आजचीच हाय," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या मुठीतला पदर सुटला.

माझ्या सगळ्या आयुष्यात मी याहून सुंदर काही पडद्यावर दाखवलेलं नाही.